पैनगंगेच्या दोन काठांवरचा ऑक्टोबर

लेखमाला : स्मृतिदिनांची गोष्ट (भाग ६)

ऑक्टोबर आला की यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण टोकाला, वणी, मारेगाव, झरी जामणी आणि केळापूर तालुक्यांतल्या गोंड वस्त्यांच्या आसपास दोन स्मृतिदिन एकमेकांच्या जवळ येतात. एक वीर बाबुराव शेडमाके यांचा. वर्धा नदीपलीकडे, तेव्हाच्या चांद्यात म्हणजे आजच्या चंद्रपुरात, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. दुसरा कोमराम भीम यांचा. पैनगंगेपलीकडच्या जोडेघाटात १९४० साली निजामाच्या पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या. शेडमाकेंचा दिवस दरवर्षी २१ ऑक्टोबरलाच येतो. भीम यांचा मात्र सरकत राहतो, कारण तो अश्विन पौर्णिमेला पाळतात. २०२३ मध्ये ही पौर्णिमा २८ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये ७ ऑक्टोबरला संपली. आपल्या अंगणात कोजागिरीचं दूध आटतं ते याच पौर्णिमेला.

एकाचा दिवस तारखेने आणि दुसऱ्याचा तिथीने, असं का? आजचा भाग या एकाच प्रश्नाचा आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. १८५८ साली या संगमाभोवती तीन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. वर्धेच्या पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, ते १८५४ मध्ये खालसा होऊन कंपनी सरकारकडे गेलं होतं. पश्चिमेला, म्हणजे आजच्या यवतमाळच्या बाजूला, वऱ्हाड. तो मालकीने निजामाचा, पण १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला. पैनगंगेच्या दक्षिणेला निजामाचा थेट अंमल. गोंड आणि कोलाम मात्र तिन्हीकडे होते, त्यांची सोयरीक आणि देवकार्यंही तिन्हीकडे होती. शेडमाकेंची पत्नी राजकुंवर आदिलाबादकडच्या चेन्नूरची. म्हणून हे दोन स्मृतिदिन ‘शेजारच्या जिल्ह्यांचे’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. ते या जिल्ह्याचेही आहेत.

बाबुराव शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरी भागातल्या मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला. शिक्षणासाठी ते रायपूरला गेले होते, त्यांना इंग्रजीही येत होतं. परत आले तेव्हा नव्या राजवटीचा कर, जंगलावरचे निर्बंध आणि जमीनदाऱ्यांवरचा दाब, सगळं एकदम सुरू झालेलं. तिकडे जबलपूरमध्ये १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजे शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, बाबुरावांनी ‘जंगोम दल’ उभं केल्याचं सांगितलं जातं. सुमारे पाचशे तरुण त्यात आले.

७ मार्च १८५८ रोजी त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ ती मागे हटली. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबुरावांना येऊन मिळाले आणि लढाई रानभर पसरली. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथल्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. तारेचे खांब म्हणजे त्या काळी राज्याच्या नसा. त्यावरचा हा घाव क्रिक्टनला सोसवणारा नव्हता.

समोरासमोर बाबुराव हाती लागेनात, तेव्हा क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबुरावांना पकडून दिलं. जबलपूरच्या त्या सकाळला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण होत होतं. चांद्याला खटला चालला आणि २१ ऑक्टोबरला तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाला त्यांना फाशी देण्यात आली. वय पंचवीस. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये पकडले गेले आणि जन्मठेपेवर गेले. त्यांची सदुसष्ट गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. लक्ष्मीबाईंचं नाव या दिवशी कडवटपणे घेतलं जातं, ते स्वाभाविक आहे. पण जमीनदारी हिसकावली जाण्याची भीती दाखवून नात्यातल्या माणसाच्या हातून नात्यातला माणूस पकडवून घेणारा क्रिक्टन त्या बोलण्यातून सुटून जातो, हे मला खटकतं.

आता या हकिकतीतल्या तारखा पाहा. ७ मार्च, १३ मार्च, २९ एप्रिल, १८ सप्टेंबर, २१ ऑक्टोबर. एवढ्या नेमक्या तारखा आल्या त्या बंड मोडणाऱ्यांच्या अहवालांतून आणि पत्रव्यवहारातून. फाशी ही सरकारी कारवाई असते. तिला आरोप, खटला, हुकूम आणि अंमलबजावणीची नोंद लागते. मारणाऱ्याला आपण कायद्याने मारतो आहोत हे दाखवायचं असतं, म्हणून तो तारीख घालतो. पुढे त्याच तारखेला मेलेल्याची माणसं एकत्र येतात. महाराष्ट्रातल्या अनेक हुतात्म्यांचं असंच आहे. दामोदर हरी चापेकर १८ एप्रिल १८९८, अनंत कान्हेरे १९ एप्रिल १९१०, सोलापूरचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१, राजगुरू २३ मार्च १९३१. हे सगळे दिवस तुरुंगाच्या दफ्तराने नोंदलेले आहेत. चंद्रपूरच्या कारागृहातला तो पिंपळ दर २१ ऑक्टोबरला लोकांना दर्शनासाठी खुला होतो आणि ज्या व्यवस्थेने फास टाकला तिच्याच आवारात ‘जय सेवा’चा घोष होतो.

जोडेघाटची गोष्ट वेगळी आहे. कोमराम भीम यांच्या बापजाद्यांची शेती निजामी राजवटीत दुसऱ्याच्या नावावर चढली. रानात गुरं चारायची तर कर, कुऱ्हाड चालवायची तर दंड. जमिनीच्या वादात सिद्दिकी नावाचा माणूस भीम यांच्या हातून मारला गेला आणि ते परागंदा झाले. चांदा-बल्लारपूरकडे काही काळ आणि मग आसामच्या चहामळ्यात काही वर्षं त्यांनी काढली. लिहावाचायला शिकले ते या परागंदेपणातच. परतल्यावर बाबेझरी, जोडेघाट अशा बारा गावांच्या गोंड-कोलामांना त्यांनी एकत्र केलं. मागणी साधी होती: ही जमीन आम्ही मोडून वहितीखाली आणली, ती आमच्या ताब्यात राहू द्या, आमचा कारभार आम्हाला करू द्या. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज देशभर ऐकू येते, ती त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. बोलणी फिसकटली आणि अश्विन पौर्णिमेला पोलिसांनी डोंगरावरच्या तळाला गाठून गोळीबार केला. भीम आणि त्यांचे साथीदार जागीच पडले.

इथे खटला नाही, हुकूमनामा नाही, फाशीची नोंद नाही. निजामाच्या दफ्तरात फसली सन चालायचा, त्याचे महिने वेगळे, त्यामुळे इंग्रजी तारखेशी मेळ घालतानाही घोळ होतो. म्हणूनच छापील चरित्रांत ८ ऑक्टोबर १९४० दिसतं आणि २७ ऑक्टोबर १९४० सुद्धा. पंचांग मागे मोजत नेलं तर त्या वर्षीची अश्विन पौर्णिमा १६ ऑक्टोबरच्या सुमाराला येते. म्हणजे या दोन्ही तारखांना पौर्णिमा नव्हती. पहिल्या दिवशी चंद्र अर्ध्याच्या आसपास होता, दुसऱ्या दिवशी कृष्ण पक्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. माझा विश्वास गावांच्या आठवणीवर आहे. त्या रात्री रानात कसा उजेड होता हे डोंगरावरून जिवंत उतरलेली माणसं विसरणार नाहीत. तेलंगण सरकारही त्यांची वर्धंती, म्हणजे पुण्यतिथी, पौर्णिमेलाच करतं आणि अधिकारी त्या दिवशी जोडेघाटात बसून गाऱ्हाणी ऐकतात. २०१६ पासून तर आसिफाबाद जिल्ह्यालाच भीम यांचं नाव आहे.

हीच मोजणी शेडमाकेंच्या दिवसाला लावली तर एक गोष्ट हाती येते. २१ ऑक्टोबर १८५८ हा दिवसही कोजागिरीच्या अगदी तोंडावरचा होता. शेडमाकेंचा स्मृतिदिन तिथीने पाळला असता, तर दोघांची आठवण दरवर्षी जवळपास एकाच चांदण्यात आली असती.

तिथी सरकते तरी ऋतूच्या बाहेर जात नाही, कारण चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असलं तरी अधिक महिना येऊन ते अंतर भरून काढतो. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ची, पण वढू-तुळापूरला गर्दी होते ती फाल्गुन अमावास्येला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. मोहरमचं तसं नाही. करबलामध्ये इमाम हुसेन मारले गेले ते हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, इसवी सन ६८० मध्ये. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही, त्यामुळे हा शोकदिवस साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. विदर्भाच्या गावांत ताजिये कधी भर उन्हाळ्यात निघतात, कधी पेरणीच्या दिवसांत.

जोडेघाटनंतर काय झालं हेही पाहायला हवं, कारण स्मृतिदिन नुसता हार घालण्यापुरता नसतो. आपले लोक बंडाला का उभे राहिले हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांची मदत घेतली. त्यांनी मार्लवाईला राहून गोंडांच्या हातातून जमिनी कशा गेल्या ते लिहून काढलं. पुढे अनेक कुटुंबांना पट्टे मिळाले, गोंडी शाळा निघाल्या आणि केसलापूरच्या नागोबा जत्रेत गाऱ्हाणी ऐकणारा दरबार सुरू झाला. पौष अमावास्येच्या त्या जत्रेला महाराष्ट्रातले मेश्राम कुळातले लोकही जातात. भीम यांनी मागितलं ते सगळं मिळालं नाही. पण जे मिळालं ते त्यांच्या मरणानंतर मिळालं, आणि त्यांच्या मरणामुळे मिळालं.

त्याच केसलापूरजवळ इंद्रवेल्ली आहे. २० एप्रिल १९८१ रोजी तिथे जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, तर लोक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. तिथे स्मारकस्तंभ उभा राहिला, तो पाडला गेला आणि पुन्हा बांधला गेला. इथे तारीख पक्की होती, ती सगळ्यांना पाठ होती आणि नेमका तोच दिवस वर्षानुवर्षं जमावबंदीने बंद ठेवला गेला. २० एप्रिलला नातेवाइकांना स्तंभाकडे जायला मनाई आणि वाटेवर पोलीस. भीम यांची वर्धंती सरकारी इतमामात होते आणि त्यांच्याच मुलुखात, त्याच मागणीसाठी मेलेल्यांचा दिवस मात्र बंदोबस्तात गेला. स्वतंत्र भारतातल्या सरकारांनी हे केलं. लोकांना आपल्या मेलेल्यांपुढे फूल वाहायला परवानगी मागावी लागली, हा अन्याय आहे आणि तो त्याच शब्दांत लिहिला पाहिजे.

यवतमाळच्या शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. २१ ऑक्टोबरला शेडमाकेंचा फोटो लावाल तेव्हा मुलांना वर्धा, पैनगंगा आणि प्राणहिता यांचा नकाशा फळ्यावर काढून दाखवा आणि कोजागिरीच्या आसपास जोडेघाटही त्यात भरा. किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, हेही सांगा. म्हणजे भीम मारले गेले तेव्हा त्यांच्याच जिल्ह्यात असलेली कित्येक गावं आज महाराष्ट्रात आहेत, हे मुलांच्या लक्षात येईल.

पुढच्या भागात चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ चा दिवस, जो त्या वर्षी नागपंचमीचाही होता.