अभयाचे डोह

पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीच्या काठी वसलेल्या आळंदीस येणारा प्रवासी बहुधा ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीवर मस्तक टेकवून, अजानवृक्षाखाली घटकाभर बसून, चांगदेवांच्या भेटीस चालत गेली अशी ख्याती असलेली भिंत पाहून आणि गळ्यात नवी तुळशीची माळ घालून संध्याकाळच्या गाडीने परततो. आणि ज्या नदीमुळे हे गाव येथे वसले, त्या नदीकडे घाटावर पाय धुण्यापुरतेच त्याचे लक्ष जाते. मला मात्र आळंदीचे माहात्म्य सांगताना आरंभ नदीपासूनच करावासा वाटतो.

देशावरील नद्यांच्या काठी भोई मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकून आपला चरितार्थ चालविला. परंतु देहू-आळंदीच्या तीर्थाच्या डोहांत मासा धरावयाचा नाही, असा जुना रिवाज आहे. ज्या पाण्यात तुकोबांच्या गाथेचे कागद कोरडे राहिले अशी लोकांची श्रद्धा, त्या पाण्यात गळ टाकण्यास कोणाचा हात धजावणार? यात्रेकरू उलट लाह्या आणि कणकेच्या गोळ्या पाण्यात सोडीत, आणि मासे निर्धास्तपणे पायरीपर्यंत येत. या माशांचा राजा महसीर. आपल्याकडील नाव खडशी. पितळी झाक असलेले रुंद खवले, जाड ओठ, तोंडाशी चार मिशा, असे त्याचे रूप आहे. आणि त्याला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणीच मानवते. कंपनी सरकारच्या चाकरीत दख्खनचा मुलूख पालथा घालणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. कुठल्याही अभयारण्याचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी केवळ भक्तिभावाने राखलेले हे डोह मला आपल्या प्रांतातील अत्यंत थोर संस्थांपैकी एक वाटतात.

गावातील प्रेक्षणीय स्थळांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती बहुतेकांस असतेच. समाधी शके १२१८ ची, म्हणजे इसवी सन १२९६ ची; सिद्धेश्वराचे स्थान त्याहूनही प्राचीन. अजानवृक्षाची मुळी समाधिस्थ माउलींच्या कंठास लागली असता एकनाथांनी ती दूर केली, अशी कथा आहे. त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती १५८४ साली. ज्येष्ठ वद्य अष्टमीस येथून जी पालखी पंढरीस निघते, तिच्या सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी आजची शिस्त लावली आणि अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही त्या सोहळ्यात मानाने चालतात. कार्तिक वद्य एकादशीपासून त्रयोदशीपर्यंत मात्र गावात पाऊल ठेवण्यास जागा नसते.

ज्यास गर्दी नको, त्याने पावसाळा सरल्यावर यावे आणि पहाटे उठावे. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे हे गाव कीर्तनकारांची पाठशाळाच बनले आहे. पहाटेच्या वेळी कोठल्याशा धर्मशाळेच्या ओट्यावर एखादा पोरसवदा विद्यार्थी पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजविलेली कणीक थापताना दिसतो. अंगठ्याने तिच्या कडा दाबतो, एक थाप मारून कान देतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा थाप मारतो, आणि मनाजोगा खर्ज लागल्याखेरीज बोल उचलीत नाही. त्याच्या शेजारी मुकाट्याने बसून हे पाहण्यासारखे दुसरे सुख आळंदीत मला ठाऊक नाही.

आणि मग घाटावर जावे, म्हणजे दुःखही पाहावयास मिळते. कुरवंड्याकडून निघालेली ही नदी तुळापुरास भीमेला मिळण्यापूर्वी तळवडे, चिखली, मोशी यांच्या हद्दीतून वाहते. एका अंगास पिंपरी-चिंचवडची वस्ती व कारखाने, दुसऱ्या अंगास चाकणचा औद्योगिक पट्टा. दोहोंकडचे मैलापाणी आणि रसायने पात्रात उतरतात, आणि ऐन यात्रेच्या दिवसांत घाटाला पांढऱ्या फेसाचे थर लागलेले हजारो वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. भाविक त्याच पाण्यात स्नान करतात, तेच तीर्थ म्हणून तोंडात घेतात. आमच्या पूर्वजांनी माशाला जाळ्यापासून अभय दिले. सांडपाण्यापासून अभय देण्याचा प्रसंग त्यांच्या कल्पनेतही नव्हता, आणि ते काम आमच्या वाट्यास आले तेव्हा आम्ही ते टाळले.

महसीर जगविणे अशक्य नाही, याचा दाखला याच नदीच्या वरच्या अंगास आहे. लोणावळ्याजवळ वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकात महसिराची पैदास आरंभिली, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्या विद्येचा पाया घातला. पक्व मादीच्या पोटावरून हलकेच हात फिरवून सोनेरी अंडी तबकात घ्यावयाची, नराचे रेत त्यांत मिसळावयाचे, मग संथ वाहत्या पाण्याखाली ती जपावयाची. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. तेथील बोटुकली दूरदूरच्या प्रांतांतील जलाशयांत सोडली गेली आहेत.

आळंदीच्या घाटाखाली ती जगावयाची, तर शुद्धीकरण झाल्यावाचून एकही नाला पात्रात उतरता कामा नये. येथे येणाऱ्या प्रत्येक दिंडीने आणि प्रत्येक प्रवाशाने माळ-बुक्क्याची खरेदी झाल्यावर ही एक मागणी आळंदी नगरपरिषद, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिन्ही कचेऱ्यांच्या दप्तरी लेखी दाखल करावी, आणि उत्तर येईतो दरसाल करीत राहावी.