विश्लेषण : वाळवंटात फुलांचा ‘सुपरब्लूम’ कशामुळे येतो? तो पाहताना पायवाट का सोडायची नाही?

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली हे जगातील सर्वांत उष्ण ठिकाणांपैकी एक. १९१३ मध्ये येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. वर्षाचा पाऊस सरासरी जेमतेम ५० मिलिमीटर. तरीही १९९८, २००५ आणि २०१६ मध्ये या खोऱ्यात दूरवर पिवळ्याधमक फुलांचा गालिचा पसरला. अशा दुर्मीळ बहराला ‘सुपरब्लूम’ म्हणतात.

एवढी फुले येतात कुठून?
मातीतच पडून असलेल्या बियांतून. बहरणाऱ्या बहुतेक वनस्पती एकाच हंगामापुरत्या जगतात. त्यांचे बी मात्र अनेक वर्षे टिकते. अनेक बियांच्या आवरणात अंकुर रोखणारी रसायने असतात. चार थेंबांनी ती धुऊन जात नाहीत. त्यासाठी चांगला भिजपाऊस लागतो.

मग दर पावसानंतर बहर का नाही?
बी रुजल्यावरही हिवाळाभर ठरावीक अंतराने सरी लागतात, पुरेसे ऊन लागते आणि कोरडे वारे सुटून चालत नाही. हे सगळे क्वचितच जुळते. शिवाय सगळे बी एकदम रुजत नाही. दुबार पेरणीच्या भीतीने शेतकरी बियाणे राखून ठेवतो, तसा काही साठा जमिनीत शिल्लक राहतो.

पाहायला कधी जावे?
डेथ व्हॅलीच्या सखल भागात फुलांचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. उंचावरील उतारांवर फुले त्यानंतर येतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात बहर आलाच, तर साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. दोन्हीकडे एल निनोच्या वर्षांत शक्यता वाढते.

गर्दीने काय बिघडते?
२०१९ मध्ये कॅलिफोर्नियातीलच लेक एल्सिनोर शहराजवळ वॉकर कॅन्यनच्या डोंगरउतारांवर केशरी पॉपी फुलल्या. फोटोंसाठी हजारो लोक लोटले, महामार्गावर वाहने तुंबली, फुले तुडवली गेली. २०२३ मध्ये पुन्हा बहर येताच प्रशासनाने तेथील प्रवेशच बंद केला.

नुकसान त्या हंगामापुरते नसते. बी धरण्याआधीच रोप तुडवले गेले, तर मातीतील साठ्यात त्याची भर पडत नाही. पुढचा मोठा बहर कदाचित दहा वर्षांनी येईल आणि तो याच साठ्यावर अवलंबून असेल. म्हणून डेथ व्हॅलीत फुले तोडण्यास मनाई आहे. फोटो काढायचा, तर तो पायवाटेवरूनच.