प्रणयपटांतील दुखणेकरी

प्रणयकथा आणि आजार यांचे सख्य चित्रपटाहून जुने आहे. धाकट्या ड्यूमाची क्षयाने खंगत जाणारी नायिका १८४८ साली फ्रेंच कादंबरीत अवतरली. पाच वर्षांनी व्हेर्दीच्या संगीतिकेत ती गाऊ लागली आणि १९३६ साली ‘कमिल’ या हॉलिवुडच्या चित्रपटात ग्रेटा गार्बोने तिची भूमिका केली. खोकल्याची एखादी उबळ, ओठांवर धरलेला रुमाल आणि पांढुरका चेहरा एवढ्यावर अशा नायिकेचे दुखणे भागते. खऱ्या क्षयरोग्याचा रात्रीचा घाम, थुंकीचे भांडे, महिनोन् महिने धरलेले अंथरूण आणि घरच्या माणसांची धास्ती यांना तेथे फारसा वाव मिळत नाही. कथाकाराला आजार हवा असतो तो घड्याळासारखा. प्रेमिकांच्या हाती किती दिवस उरले आहेत, हे त्याने सांगावे आणि वेळ भरताच टोला द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

हे घड्याळ वैद्यकशास्त्राने मधूनमधून बिघडविले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. पुढे मद्रास येथे १९५६ पासून झालेल्या प्रसिद्ध प्रयोगाने असे दाखवून दिले की, गोळ्या नियमित घेतल्या तर क्षयरोगी आपल्या दाटीवाटीच्या घरातही आरोग्यधामातल्या इतकाच बरा होतो. क्षय अशा रीतीने औषधाला वश होऊ लागल्यावर पटकथाकार कर्करोगाकडे वळले. श्रीधर यांच्या ‘दिल एक मंदिर’ (१९६३) या चित्रपटात पती कर्करोगाने रुग्णालयात पडलेला आहे आणि त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर हा त्याच्या पत्नीचा पूर्वीचा प्रियकर आहे. तेथे रोगी वाचतो आणि डॉक्टर मरतो. म्हणजे मृत्यूचा वाटा कोणाला तरी द्यावाच लागतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘मिली’ची (१९७५) गोष्ट आणखी नवलाची. त्यातील हसऱ्या नायिकेला ‘पर्निशस ॲनिमिया’ हा रक्ताचा विकार आहे आणि तो जीवघेणा मानून सारी कथा रचलेली आहे. परंतु या विकारावर गुणकारी ठरणारा यकृताचा आहार १९२६ सालीच पुढे आला होता, तो शोधणाऱ्यांना १९३४ साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते आणि १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढल्यापासून काम इंजेक्शनावर आले होते. चित्रपट फार गोड आहे, यात शंका नाही. पण मिलीला परदेशी जाणाऱ्या विमानात बसविण्यापूर्वी कोणी तरी जवळच्या दवाखान्यात न्यावयास हवे होते.

मधुमेहाचे मात्र पडद्याशी जमले नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. तोपर्यंत ज्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयार होणे बंद पडे, ती बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत. इन्शुलिन आले आणि मरणाऐवजी रोजचे व्रत पदरी पडले: सुई, वेळेवर जेवण, रक्ताची तपासणी आणि हे सारे जन्मभर. ज्या रोगासह माणूस पन्नास वर्षे संसार करू शकतो, त्याचे पटकथेत काय करावयाचे, हा प्रश्न लेखकांना अवघड गेलेला दिसतो.

तरीही एका अमेरिकन चित्रपटाने तो हाती घेतला. ‘स्टील मॅग्नोलियाज’ (१९८९) हा चित्रपट रॉबर्ट हार्लिंग यांच्या नाटकावरून निघाला आणि ते नाटक त्यांनी आपल्या बहिणीच्या मृत्यूनंतर लिहिले. ती मधुमेही होती. नायिका शेल्बी हिची भूमिका जूलिया रॉबर्ट्‌सने केली आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी केस विंचरून घेत असताना शेल्बीची साखर एकाएकी उतरते. ती थरथरते, तिला घाम फुटतो, ती चिडते आणि आई संत्र्याचा रस पुढे करते तो झिडकारते. मधुमेह म्हटला की साखर हे विष, अशी समजूत बाळगणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रसंग पुष्कळ शिकवितो. इन्शुलिन पोटात गेलेल्या अन्नाच्या मानाने जास्त झाले की रक्तातील साखर धोक्याच्या रेषेखाली जाते, मेंदूला इंधन मिळेनासे होते आणि त्या घटकेला साखर हेच औषध ठरते. रोग्याची चिडचिड हा तेव्हा स्वभावदोष नसतो, हेही तेथे दिसते. पुढे डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवून शेल्बी आई होते, तिची मूत्रपिंडे निकामी होतात, आई आपले एक मूत्रपिंड देते, तरीही मुलगी जात नाही असे होत नाही. लेखकाने घरचे दुःख सांगितले आहे, म्हणून त्या शेवटाला कोणी खोटे म्हणू नये. परंतु त्यावरून मधुमेही स्त्रीने अपत्याची आशाच सोडावी, असा अर्थ काढणेही बरोबर नाही. गर्भधारणेपूर्वीपासून साखर आटोक्यात ठेवली, डोळे व मूत्रपिंडे तपासून घेतली आणि तज्ज्ञांची देखरेख असली, तर आज अशा असंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात.

दीर्घ आजाराबरोबरच्या प्रेमाचा खरा प्रश्न ‘लव्ह अँड अदर ड्रग्ज’ (२०१०) या चित्रपटाने विचारला आहे. नायिकेला तरुणपणीच कंपवात झाला आहे. रोग्यांच्या एका मेळाव्यात नायकाची गाठ अशाच एका रुग्ण स्त्रीच्या पतीशी पडते आणि तो नायकाला सरळ निघून जाण्याचा सल्ला देतो. त्या गृहस्थात दुष्टपणा मुळीच नाही. वर्षानुवर्षे सेवा करून तो थकला आहे. मरणाऱ्या प्रेयसीसाठी प्राण देणारे नायक पडद्यावर उदंड झाले. दुसऱ्याची सदऱ्याची बटणे रोज लावून देताना कंटाळलेला माणूस तेथे क्वचितच बोलतो.

भारतात हा प्रश्न विवाहाच्या बैठकीत येऊन बसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. त्यांतील बहुतेकांना तो प्रौढपणी जडलेला असतो. पण ज्यांना बालपणीच इन्शुलिन सुरू झाले, ती मुलेही आता लग्नाच्या वयाला येतात. मुलगी असेल तर पुष्कळदा गोष्ट लपविली जाते. मग सासरी ती न्हाणीघरात दार लावून सुई टोचते, पाहुणे असले की एखादी मात्रा चुकवते आणि मात्रा सतत चुकल्या तर दोन-चार दिवसांतच जिवावर बेतू शकते. आईचा हा रोग मुलांत उतरण्याचा संभव शंभरांत थोड्यांच्याच बाबतीत असतो, हे बैठकीत सांगणारा कोणी नसतो.

‘स्टील मॅग्नोलियाज’मधील त्या सकाळचा प्रसंग मराठी घरात घडविणे काही कठीण नाही. मुहूर्त लांबलेला आहे, वधू पहाटेपासून उपाशी गौरीहरापाशी बसलेली आहे आणि सकाळचे इन्शुलिन टोचून झाले आहे. तिला मांडवात न्यावयास मामा येतो, तेव्हा तिचे हात थरथरू लागलेले आहेत. त्याच्या खिशात साखरेची पुडी असावयाची, तर तिचा आजार आधी दोन्ही घरांना ठाऊक असावा लागतो.