थंडीतील मोटार आणि एंजिनाची ऊब

लेह येथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली १५ अंशांपर्यंत उतरतो. पहाटे पेट्रोल-मोटारीतील वंगण मधासारखे दाट झालेले असते. पंपाने ते सर्व भागांस पोचवीपर्यंत काही क्षण जातात. तेवढे थांबणे योग्यच होय. परंतु गाडी जागीच १०-१५ मिनिटे धडधडत ठेवण्याची चाल कार्बुरेटरच्या काळातली आहे. थंडीत पेट्रोलचे बाष्प नीट होत नसे. चोक ओढला नाही तर एंजिन बंद पडे. भारतीय मोटारींत २००० च्या सुमारास ती जागा इंधन मोजून फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. तरीही थंड एंजिनास जादा पेट्रोल द्यावेच लागते, आणि त्यातील न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन काढतो. उभ्या गाडीत काम थोडे, म्हणून उष्णताही थोडी. ही धुलाई उगाच लांबते. यास्तव अर्ध्या-एक मिनिटाने निघावे व पहिले काही किलोमीटर गाडी सावकाश हाकावी.

बंद गराजात मात्र एंजिन मुळीच चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनास त्याची ओढ प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक असते. दार उघडे ठेवूनही धोका टळत नाही.