जिथे कुणीच ग्राहक नसतं : कॉमिकेटला पहिल्यांदा जाताना

पुण्यातल्या एका जुन्या मित्राची मुलगी मे महिन्यात घरी आली आणि म्हणाली, "काका, डिसेंबरात तोक्योला कॉमिकेटला जाणार आहे. पहिल्यांदाच. काय तयारी करू?" प्रश्न सरळ होता, पण मला तासभर बोलावं लागलं. ही तयारी म्हणजे नुसती सामानाची यादी नव्हे. यादीतल्या प्रत्येक गोष्टीमागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला नाही तर यादी पाठ करूनही माणूस तिथे चुकतो. मी स्वतः २०१९ च्या डिसेंबरात गेलो होतो, तेव्हा चुकलो होतो.

कॉमिकेट म्हणजे 'कॉमिक मार्केट'. जपानी लोक 'कोमिके' म्हणतात. वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि डिसेंबरच्या अखेरीला, तोक्योच्या समुद्रकाठच्या 'बिग साइट' या प्रदर्शन केंद्रात ही जत्रा भरते. अमेरिकेतल्या सॅन दिएगोचं कॉमिक-कॉन आपल्याकडे जास्त माहीत आहे. १९७० साली एका हॉटेलात सुरू झालेल्या त्या संमेलनात आज चित्रपट कंपन्या आपले नवे सिनेमे जाहीर करतात आणि नटनट्यांना पाहायला लोक रात्रभर रांगा लावतात. २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये सुरू झालेलं आपलं कॉमिक कॉनही त्याच घराण्यातलं. कॉमिकेटचं घराणं वेगळं. तिथे मुख्य आकर्षण म्हणजे टेबलामागे बसलेली हजारो साधी माणसं, आणि त्यांनी स्वतः लिहून, काढून, पदरच्या पैशानं छापलेली पुस्तकं. या पुस्तकांना 'दोजिनशी' म्हणतात आणि ती काढणाऱ्या व्यक्तीला किंवा गटाला 'सर्कल'.

'दोजिन' म्हणजे समानधर्मी. हा शब्द कॉमिक्सवाल्यांनी घडवलेला नाही, साहित्यातून आलेला आहे. १८८५ मध्ये ओझाकी कोयो आणि त्याच्या तरुण मित्रांनी 'केनयुशा' नावाचं मंडळ काढलं. त्यांचं 'गाराकुता बुन्को' हे नियतकालिक आधी चक्क हस्तलिखित होतं आणि हातोहात फिरायचं. आपल्या महाविद्यालयांतली हस्तलिखितं आठवा, किंवा 'शब्द', 'असो', 'वाचा' या मुंबईच्या अनियतकालिकांचे दिवस आठवा. ज्यांना कुणी छापत नव्हतं त्यांनी स्वतःचं स्वतः काढलं. आपल्याकडे ती चळवळ वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसली. जपानात मात्र ती पद्धत साहित्यिकांकडून शाळकरी मुलींकडे गेली, आणि तिथे ती फोफावली.

शाळकरी मुली म्हणतो त्यात अतिशयोक्ती नाही. पहिलं कॉमिकेट २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योच्या तोरानोमोन भागातल्या अग्निशमन भवनाच्या सभागृहात भरलं. ३२ सर्कल आणि सुमारे ७०० माणसं. त्यात बहुसंख्य मुली होत्या, माध्यमिक शाळांतल्या, मुलींसाठीच्या कॉमिक्सच्या वाचक. आयोजक होते 'मेइक्यू' हा कॉमिक्सच्या तरुण समीक्षकांचा गट. त्यात योनेझावा योशिहिरो होते. १९८० पासून २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत कॉमिकेटची धुरा त्यांनी सांभाळली. हे सगळं सुरू झालं ते एका भांडणातून. त्याआधीच्या एका मोठ्या कॉमिक्स संमेलनावर एका तरुणीनं टीका केली, म्हणून तिला तिथे प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या निषेधातून ही नवी जत्रा उभी राहिली. म्हणून तिचा पायाच असा घातला गेला की इथे कुणाला नाकारायचं नाही, आणि इथे कुणी कुणाचा ग्राहक नाही. टेबलामागे बसणारे 'सर्कल सहभागी', येणारे 'सर्वसाधारण सहभागी', आणि विनावेतन राबणारे स्वयंसेवक हेही 'सहभागीच'. पुस्तक 'विकलं' असंदेखील अधिकृत भाषेत म्हणत नाहीत. 'हाम्पु' म्हणतात, म्हणजे वितरण. हा शब्दच्छल वाटेल. मलाही वाटला होता.

मग मी रांगेत उभा राहिलो. पाचेक मिनिटांत पुढच्या मुलीनं वळून माझ्या हातात एक पाटी दिली, मान लववली आणि पुन्हा पुढे तोंड करून उभी राहिली. पाटीवर तीन अक्षरं होती, 'साइकोबी', म्हणजे रांगेचं शेवटचं टोक. शेवटचा माणूस मी, म्हणून पाटी माझ्याकडे. मागे कुणी आलं की मी ती त्याला द्यायची. मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि उभ्या उभ्या मला काम लागलं होतं. पाटी कशी धरायची हेही मला कळेना. ती उंच धरायची असते, लांबून येणाऱ्याला दिसावी म्हणून. मी ती पोटाशी धरून उभा होतो, आणि दोन माणसं भलत्याच रांगेत जाऊन उभी राहिली.

आता तयारीकडे येतो.

पहिली तयारी घरी बसून करायची : दिवस आणि पत्ता. प्रत्येक दिवशी विषय वेगळे असतात. आज ज्या दालनात एका मालिकेच्या चाहत्यांची टेबलं आहेत तिथे उद्या भलतेच लोक असतात. चुकीच्या दिवशी गेलात तर आपलं माणूस तिथे नसतंच. याची सूची कॅटलॉगमध्ये मिळते. छापील कॅटलॉग टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड असायचा, आता लोक तो संगणकावर पाहतात. प्रत्येक सर्कलला पत्ता असतो : दालन, ओळीचं अक्षर, टेबलाचा क्रमांक आणि टेबलाची डावी की उजवी बाजू. कारण एका सर्कलला मिळतं फक्त अर्धं टेबल, ९० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल. तेही अर्ज जागेपेक्षा जास्त असल्यामुळे सोडतीतून. ज्यांच्याकडे मोठी गर्दी होणार त्यांना भिंतीलगत बसवतात, म्हणजे रांग शटरमधून बाहेर काढता येते. मधल्या ओळींना 'बेटं' म्हणतात. नवख्या माणसाला माझा सल्ला असा की भिंतीचा मोह सोडावा. भिंतीवरचं पुस्तक पुढे बहुधा दुकानातही मिळतं. बेटावरच्या माणसानं ५० प्रती काढलेल्या असतात आणि त्या संपल्या की संपल्या. कॅटलॉगमधून अशी दहा-पंधरा टेबलं निवडून नकाशावर खुणा कराव्यात. त्याहून जास्त एका दिवसात होत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत प्रवेश मोफत होता, मग मनगटाला बांधायची पट्टी विकत घ्यावी लागू लागली. मी गेलो त्या डिसेंबरात ऑलिंपिकच्या तयारीसाठी केंद्राचा मोठा भाग अडकला होता, म्हणून जत्रा चार दिवस चालली. ३२,००० सर्कल आले आणि रोजच्या उपस्थितीची बेरीज साडेसात लाखांवर गेली. पुढच्याच वर्षी महासाथीत जत्रा रद्द झाली. २०२१ च्या डिसेंबरात ती पुन्हा भरली ती मोजक्या माणसांत, आगाऊ तिकिटांवर. वेळा ठरलेल्या आगाऊ तिकिटांची ती पद्धत पुढेही राहिली. तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी जत्रेच्या तिकिटाचं पाहावं. रात्रभर बाहेर मुक्काम करून रांग लावायला सक्त मनाई आहे. आजूबाजूच्या रहिवाशांना त्रास झाला तर केंद्र जागा नाकारू शकतं, आणि एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा तोक्योत नाही.

जागा जाण्याची ही भीती पोकळ नाही. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांप्रकरणी एका तरुणाला अटक झाली, त्याच्या खोलीत कॉमिक्स आणि व्हिडिओ टेपांचे ढीग सापडले, आणि वर्तमानपत्रांनी सगळ्याच चाहत्यांकडे संशयानं पाहायला सुरुवात केली. १९९१ मध्ये अश्लीलतेच्या कायद्याखाली दोजिनशी विकणाऱ्या दुकानांवर कारवाई झाली. त्याच उन्हाळ्यात माकुहारीच्या प्रदर्शन केंद्रानं कॉमिकेटला दार बंद केलं. जत्रा जुन्या हारुमीच्या जागेत परतली आणि १९९६ मध्ये नव्या बिग साइटमध्ये आली. प्रत्येक सर्कल आपल्या पुस्तकाची एक प्रत सकाळी समितीकडे देतं, ती तपासली जाते आणि जपलीही जाते. योनेझावांचा स्वतःचा प्रचंड संग्रह मेइजी विद्यापीठाकडे गेला, आणि २००९ पासून त्यांच्या नावाचं ग्रंथालय तिथे आहे. 'कुणाला नाकारायचं नाही' हे तत्त्वही एकदा मोडावं लागलं. २०१२ च्या डिसेंबरात एका मालिकेविरुद्ध आलेल्या धमक्यांच्या पत्रांमुळे त्या मालिकेवरच्या सर्कलना 'या वेळी येऊ नका' असं सांगण्यात आलं. त्या निर्णयाबद्दल मी कितीदा विचार केला तरी माझं मत ठरत नाही.

पैशांबद्दल. माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. मी दहा-दहा हजार येनच्या कोऱ्या नोटा घेऊन गेलो. पुस्तकाची किंमत बहुधा ५०० किंवा १,००० येन. टेबलावर बसलेल्या मुलाकडे एका छोट्या डब्यात सुटे पैसे, तेवढीच त्याची बँक. पहिल्या टेबलावर मी नोट पुढे केली, त्यानं काहीही न बोलता डबा पूर्ण रिकामा करून मला सुटे दिले, आणि मागच्या माणसाला थांबावं लागलं. या मंडळींपैकी बहुतेकांचा खर्चसुद्धा भरून निघत नाही, हे समितीच्याच पाहणीत दिसलेलं आहे. त्यांची सकाळ आपण अडवायची नसते. आधीच्या आठवड्यात प्रत्येक दुकानात नोट मोडत जावी आणि १०० व ५०० येनची नाणी, १,००० च्या नोटा साठवाव्यात. नाणी एका बाजूच्या खिशात, नोटा दुसऱ्या.

शरीराची तयारी ऋतूनुसार. ऑगस्टातलं तोक्यो आपल्या कोकणाइतकं दमट असतं. २०१३ च्या उन्हाळ्यात घामाच्या वाफेनं दालनाच्या छताखाली ढग जमला होता, आणि 'कोमिकेचा ढग' म्हणून तो आजही सांगितला जातो. पाणी, मीठ-साखरेचं पेय, टोपी, छोटा टॉवेल घरूनच न्यावं. डिसेंबरात समुद्राचा वारा हाडात शिरतो, पण आत गेल्यावर गर्दीनं घाम येतो, म्हणून जाड एका कोटापेक्षा पातळ कपड्यांचे थर बरे. चाकांची बॅग नको, ती मागच्याच्या पायात येते. दोन मजबूत कापडी पिशव्या आणि पाठीवरची सॅक पुरते. सॅक गर्दीत पोटावर घ्यावी, हे विरारच्या लोकलनं ज्याला शिकवलंय त्याला सांगायला नको. सरकत्या जिन्यावर चालू नये. २००८ मध्ये याच केंद्रात एका दुसऱ्या जत्रेत माणसांनी भरलेला जिना वजनानं थांबला आणि उलटा खाली घसरला, दहाएक जण जखमी झाले.

वेशभूषा करून जायचं असेल तर एवढंच : घरून वेश घालून यायचं नाही, तसंच परत जायचं नाही. कपडे बदलण्याच्या खोल्या आत आहेत. फोटो विचारून काढायचा. असा वेश १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लसनं शिवला होता, स्वतःसाठी आणि फॉरेस्ट ॲकरमनसाठी. 'कॉस्प्ले' हा शब्द मात्र जपानी, १९८३ मध्ये ताकाहाशी नोबुयुकी यांनी एका मासिकातल्या लेखात वापरलेला.

आणि शेवटी टेबलासमोर काय बोलायचं. पुस्तक सरळ उचलू नये. 'मिते मो ई देस का?' म्हणजे 'पाहू का?' असं विचारावं. दोन्ही हातांनी घ्यावं, चाळावं. नको असेल तर तसंच जपून ठेवावं आणि आभार मानावेत, त्यात काही गैर नाही. हवं असेल तर 'शिनकान कुदासाई', नवं पुस्तक द्या. एवढी दोन वाक्यं पुरतात.

मी कॉमिक्ससाठी गेलो नव्हतो. तिथे 'समीक्षा आणि माहिती' असा एक विभाग असतो, तिकडे माझा ओढा होता. रेल्वेची जुनी वेळापत्रकं, गटाराच्या लोखंडी झाकणांवरची नक्षी, बंद पडलेली सार्वजनिक न्हाणीघरं, विजेचे मनोरे. ना पदवी, ना अनुदान, ना मार्गदर्शक. वीस-वीस वर्षं एकच विषय धरून बसलेली माणसं ४० पानांची पुस्तिका घेऊन ९० सेंटिमीटरमागे बसलेली. एका पन्नाशीच्या गृहस्थांकडे एकाच नदीवरच्या पुलांची पुस्तिका होती. मी मोडक्या जपानीत म्हणालो की मीही असंच काहीतरी करतो, भारतात, मराठीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे टेबल कुठे मिळतं?" मी दिवाळी अंकांबद्दल सांगायचा प्रयत्न केला. वर्षातून एकदा, सणाला, शेकडो अंक निघतात, हे त्यांना फार आवडलं. पण 'टेबल' या शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपला लेख कोण वाचतं हे त्याला पुस्तक हातात घेताना पाहणं मला कधी मिळालेलं नाही.

चार वाजता जत्रा संपल्याची घोषणा होते आणि सगळी दालनं टाळ्या वाजवतात, एकमेकांसाठी. मग 'ओत्सुकारेसामा', म्हणजे दमलात हो, असं म्हणत माणसं खुर्च्या मिटू लागतात. कचरा आपला आपण न्यायचा. पुस्तकं जड झाली असतील तर पार्सलची सोय तिथेच असते. मी पिशव्या खाली ठेवून चार खुर्च्या उचलल्या, कुठे रचायच्या ते एका मुलीनं बोट करून दाखवलं.

मित्राच्या मुलीला हे सगळं सांगून झाल्यावर मी कपाटातून एक डबी काढली. परतताना राहिलेली नाणी होती, १०० ची आणि ५०० ची, बरीच. ५०० चं नाणं २०२१ मध्ये बदललं आहे, जुनं माणसं घेतात, काही यंत्रं घेत नाहीत, एवढं तिला बजावून डबी तिच्याकडे दिली.