रक्तगट ‘ओ’, पण ‘ओ’ चालेना

‘ओ’ गटाचे रक्त कुणालाही चालते, असे आपण शाळेपासून ऐकतो. मुंबईत मात्र काही जणांना तेही चालेना. त्यांचे सीरम ‘ओ’च्या पेशींच्याही गुठळ्या करी. पॅथॉलॉजीचे अध्यापक डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्या या कामात लंडनचे रक्तगटतज्ज्ञ रेस व सँगर आणि जीवरसायनतज्ज्ञ मॉर्गन व वॉटकिन्स सहभागी झाले. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सातही जणांच्या नावाने निबंध आला. मुंबईची तीन नावे आधी, आणि ते योग्यच!

‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजन ज्या ‘एच’ प्रतिजनापासून बनतात, तोच या लोकांत नसतो. ‘ओ’ रक्तात तो भरपूर असल्याने शरीर ते रक्त नाकारते. भारतात हा ‘बॉम्बे’ गट साधारण १०,००० जणांत एकाचा असतो. घोळ असा, की नुसत्या पेशी तपासल्या तर अहवालात ‘ओ’च येते. सीरम ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिले, तरच खरे कळते. हा गट आनुवंशिक आहे. म्हणून असा रुग्ण सापडला, की त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त आधी तपासतात.