दीर्घ विलंबानंतरची दाद : वादग्रस्त सेवासमाप्ती, सेवाविषयक कागदपत्रे आणि कायद्याची मुदत

प्रस्तावना

नोकरीतून काढून टाकलेली प्रत्येक व्यक्ती लगेच न्यायालयाची पायरी चढते असे नाही. संसाराची निकड, दुसरी नोकरी मिळविण्याची धडपड, जुन्या मालकाने प्रतिकूल शेरा मारू नये ही भीती आणि खटल्याचा खर्च यांमुळे अनेक जण मूग गिळून गप्प बसतात. पुढे दहा-पंधरा वर्षांनी निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना किंवा पूर्वसेवा जोडून मागताना मधल्या काही वर्षांचा कागदच हाती नाही, हे ध्यानात येते. त्या कागदाच्या शोधात जुना वादही पुन्हा वर येतो. अशा व्यक्तीपुढे दोन मार्ग असतात. सेवा संपविण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणे हा एक आणि केलेल्या सेवेचा पुरावा मिळविणे हा दुसरा. या दोन मागण्यांचे स्वरूप आणि त्यांना लागू होणारी मुदत वेगळी आहे. त्यांची गल्लत झाल्यास पहिली तर हातची जातेच, शिवाय सहज मिळू शकणारी दुसरीही अडून राहते. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

मुदतीचा प्रश्न

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये शासनाने विवाद कामगार न्यायालयाकडे सोपविण्यासाठी मुळात कोणतीही कालमर्यादा नव्हती. तथापि 'मुदत नाही' याचा अर्थ 'केव्हाही चालेल' असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून स्पष्ट होते. सरहिंद येथील सहकारी विपणन व प्रक्रिया संस्थेच्या प्रकरणात (१९९९) कामगाराची सेवा १९७४ साली संपली आणि त्याने मागणीपत्र १९८१ साली दिले. मुदत अधिनियमातील तीन वर्षांची मर्यादा औद्योगिक विवादास लागू होत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि त्याची पुनःस्थापना कायम ठेवली. मात्र विलंबाची दखल घेऊन मागणीच्या तारखेपासून कामगार न्यायालयाच्या निवाड्यापर्यंतचे थकीत वेतन ६० टक्क्यांपुरते मर्यादित केले. सेवासमाप्ती आणि मागणी यांच्यामधील सात वर्षांचे वेतन त्यास मिळाले नाही.

नेदुंगडी बँकेच्या प्रकरणातही (२०००) विलंब सुमारे सात वर्षांचाच होता. येथे मात्र न्यायालयाने विवाद शिळा ठरविला. अन्य दोन कर्मचाऱ्यांना पुन्हा कामावर घेतले गेले, एवढ्याच आधारावर १९७२ ची बडतर्फी पुन्हा उकरून काढण्यात आली होती. शासनाच्या अधिकारास मुदतीचे बंधन नसले, तरी मिटलेला विषय केव्हाही जिवंत करण्यासाठी तो अधिकार वापरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. विलंब सारखा असूनही निष्पत्ती भिन्न झाली, याचे कारण वर्षांच्या संख्येत नाही. विवाद जिवंत होता काय आणि विलंबाचे समाधानकारक कारण होते काय, या प्रश्नांच्या उत्तरांत ते आहे.

पुढे कायद्यानेच काळाची रेषा आखली. २०१० च्या दुरुस्तीने कामगारास समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यानंतर ४५ दिवसांनी थेट कामगार न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली, परंतु त्यासाठी सेवासमाप्तीपासून तीन वर्षांची मर्यादा घालण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. तिने ही मर्यादा दोन वर्षांवर आणली आहे. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविषयीच्या १९७१ च्या अधिनियमाने तक्रारीसाठी ९० दिवसांचीच मुदत ठरविली. सबळ कारण असल्यास ती ओलांडून आलेली तक्रार न्यायालय स्वीकारू शकते. एकंदरीत कायद्याचा कल उशिरा येणाऱ्यास कमी काळ देण्याकडे आहे.

केवळ अर्ज करीत राहिल्याने मुदत लांबते, हा समजही चुकीचा आहे. भूशास्त्र व खनिकर्म खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (२००८) सेवा १९८२ साली संपली होती आणि निवेदन १८ वर्षांनी करण्यात आले. शिळ्या निवेदनाचा विचार करून प्रशासनाने उत्तर दिले, तरी त्या उत्तराच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. इतक्या वर्षांनंतर खात्याकडे जुने अभिलेख उरले नाहीत, याचा लाभ उशिरा जागा झालेल्या व्यक्तीस देता येणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

अध्यापकांचा वेगळा मार्ग

अध्यापकाच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की, शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने 'कामगार' नाही. त्यामुळे काढून टाकलेल्या शिक्षकाने कामगार न्यायालयाचा रस्ता धरल्यास अनेक वर्षे चुकीच्या दारात जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी १९७७ च्या सेवाशर्ती विनियमन अधिनियमाच्या कलम ८ अन्वये शाळा न्यायाधिकरण आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी विद्यापीठ कायद्याखालील न्यायाधिकरणाची तरतूद आहे. शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत आदेश मिळाल्यापासून अवघी ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते.

येथे तोंडी सेवासमाप्तीचा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा लेखी आदेश दिलाच जात नाही, 'उद्यापासून येऊ नका' एवढेच सांगितले जाते. आदेशच नसेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हा वादाचा मुद्दा होतो. अशा वेळी त्याच आठवड्यात पोच देय डाकेने पाठविलेले एक साधे पत्र पुढील अनेक वर्षांच्या वादात निर्णायक ठरू शकते, कारण सेवा केव्हा व कशी संपली याची तारीखवार नोंद त्यातून राहते.

पुराव्याचा भार आणि एका प्रमाणपत्राचे मोल

आपण वर्षात २४० दिवस काम केले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथमतः कर्मचाऱ्यावरच आहे आणि केवळ त्याचे शपथपत्र पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. कर्नाटकातील अथणी येथील धरण बांधकाम विभागाच्या एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात (२००५) याच तत्त्वाचा अधिक तपशिलाने विचार झाला. कामगाराने स्वतः साक्ष द्यावी आणि हजेरीपट, वेतनपट मालकाने सादर करावेत अशी मागणी करावी. मालकाने ते दडविल्यास प्रतिकूल अनुमान काढावयाचे की नाही, हे प्रकरणागणिक ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. त्या कामगाराच्या हाती एका माजी अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र होते. त्यात नोव्हेंबर १९८८ ते जून १९९४ या काळातील कामाची नोंद होती. विभागाने मागवूनही अभिलेख पूर्णपणे सादर केले नाहीत आणि त्या प्रमाणपत्राने कामगाराची बाजू तगली.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ प्रमाणे वेतनाच्या नोंदवह्या शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे जपून ठेवण्याचेच बंधन होते. म्हणजे दहा वर्षांनी वेतनपट मागणाऱ्यास 'अभिलेख नष्ट झाले' असे उत्तर मिळाले, तर ते नेहमीच खोटे असेल असे नाही. हक्काची मुदत संपण्यापूर्वीच पुराव्याचे आयुष्य संपू शकते, ही या विषयातील खरी मेख आहे.

कागदपत्रे कोठे मिळू शकतात

मालकाच्या कपाटापलीकडेही सेवेच्या खुणा राहतात. पहिले स्थान भविष्य निर्वाह निधी संघटनेचे. वेतनचिठ्ठीवरील खाते क्रमांक मिळाल्यास सभासदत्वाचा आरंभ, वर्गणीचे महिने आणि आस्थापना यांची नोंद तेथे सापडू शकते. २०१४ पासून प्रत्येक सभासदास सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. नोकरी सोडल्याची तारीख मालक भरत नसेल, तर जानेवारी २०२० पासून सभासदास ती स्वतः नोंदविण्याची सोय झाली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली मासिक निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची पात्र सेवा लागते. त्यामुळे एखाद्या विस्मृत नोकरीची दोन वर्षेही आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न ठरवू शकतात. राज्य कामगार विमा महामंडळाच्या नोंदी, बँकेचे जुने पासबुक आणि उगमकर कपातीचे दाखले हे अन्य आधार होत.

शासकीय व अनुदानित संस्थांबाबत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. माहिती देण्याची मुदत ३० दिवस आहे. त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि पुढे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते. पूर्णतः खाजगी संस्थेस हा कायदा थेट लागू होत नसला, तरी त्या संस्थेने शिक्षणाधिकारी किंवा सहसंचालक कार्यालयास सादर केलेल्या मान्यतेच्या प्रस्तावांच्या व कर्मचारी याद्यांच्या प्रती त्या कार्यालयाकडून मागता येतात.

मालकाकडे मागणी करताना विषय मर्यादित ठेवणे हिताचे असते. रुजू झाल्याची तारीख, पद आणि सेवा संपल्याची तारीख एवढेच प्रमाणित करून मागावे. सेवासमाप्ती अन्यायकारक होती, हा मुद्दा त्याच पत्रात आणल्यास प्रमाणपत्र देणे म्हणजे आरोप मान्य करणे, असे मालकास वाटते आणि पत्र कायदा विभागाच्या धारिकेत अडकते. केंद्रीय नमुना स्थायी आदेशांनीही बडतर्फ झालेल्या कायम कामगारास सेवा प्रमाणपत्राचा हक्क दिला होता. वाद असला तरी केलेली सेवा नाकारता येत नाही, हेच त्यातून सूचित होते.

काळ लोटल्यावरही उरणारे हक्क

सेवासमाप्ती ही एका दिवशी घडून संपणारी घटना आहे. देय निवृत्तिवेतन दरमहा न मिळणे हा मात्र दरमहा नव्याने घडणारा अन्याय असतो. २००८ सालच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. अशा अखंड अन्यायात विलंबानंतरही दाद मिळू शकते, मात्र मागील थकबाकी साधारणतः तीन वर्षांपुरती मर्यादित राहते.

उपदानाचेही असेच आहे. १९७२ च्या अधिनियमाखालील नियमांनुसार केवळ अर्ज मुदतीत केला नाही म्हणून उपदानाचा दावा अवैध ठरत नव्हता. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांनाही ३ एप्रिल १९९७ पासून या कायद्याचा लाभ मिळाला. सेवा वादग्रस्त रीतीने संपली एवढ्याने उपदान बुडत नाही. जप्तीसाठी नुकसान, हिंसक वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा यांसारखी कायद्यात सांगितलेलीच कारणे लागतात.

प्रत्यक्ष पुनःस्थापना व थकीत वेतन यांबाबत महाराष्ट्रातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वे घालून दिली. सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरल्यास पूर्ण थकीत वेतनासह पुनःस्थापना हा सामान्य नियम आहे. आपण अन्यत्र लाभाच्या नोकरीत नव्हतो, असे कर्मचाऱ्याने प्रतिपादन करावे, मग त्याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. मात्र वेळेवर दाद मागणाऱ्यासच या नियमाचा पूर्ण लाभ मिळतो.

समारोप

वादग्रस्त सेवासमाप्तीस अनेक वर्षे झाल्यानंतर पुनःस्थापनेची आशा क्षीण होत जाते, परंतु केलेल्या सेवेचा पुरावा, त्यावर आधारलेले निवृत्तिवेतन आणि उपदान यांचे दार तेवढ्याने बंद होत नाही. म्हणून अशा व्यक्तीने प्रथम कागद गोळा करावेत, आपली मागणी एकदा घडलेल्या घटनेविषयी आहे की अखंड हक्काविषयी आहे ते ठरवावे आणि मगच योग्य मंचाकडे जावे. शिक्षणसंस्थांच्या दृष्टीनेही यात एक कर्तव्य सूचित होते. संस्थेचा एखाद्या अध्यापकाशी कितीही तीव्र वाद झाला असला, तरी त्याने वर्गात घालविलेली वर्षे ही त्या वादाचा भाग नाहीत. त्या वर्षांची नोंद सेवापुस्तकात जपणे आणि मागणी होताच ती प्रमाणित करून देणे हे प्रत्येक कार्यालयाचे किमान उत्तरदायित्व होय.